डीपीवरचा हिरो

डीपीचा फ्यूज उडाला की आमच्याकडं वायरमनच्या आधी वस्तीवरच्या पोराला फोन जातो. असा एक पोरगा प्रत्येक वस्तीवर असतोच. रात्री अकराला लाईट येते, साडेअकराला फेज जातो, की हा बॅटरी तोंडात धरून डीपीपाशी हजर. सकाळी पारावर त्याचं कौतुक, "लई डेरिंगबाज गडी!" मला हे कौतुकच खटकतं.

डीपीच्या वरच्या अंगाला ११,००० व्होल्ट असतात, खाली ४४०. हँडल ओढलं म्हणजे सगळं मेलं असं होत नाही. गंजलेल्या स्विचचं एखादं पातं चिकटून राहतं, आणि स्विचच्या अलीकडची तार तर जिवंतच असते. पायाखाली चिखल, हातात ओलं लाकूड. घरातला टेस्टर अकरा हजाराला काय सांगणार, डोंबल!

बरं, बांधतात काय? फ्यूजची बारीक तार नसते म्हणून केबलमधले ॲल्युमिनियमचे चार पदर पिळून. अहो, फ्यूज असतो तो वितळण्यासाठी. तो वितळायचा थांबला की आतलं वेटोळं जळतं. त्यात सगळ्यांच्या स्टार्टरला ऑटो स्विच. लाईट आली की झाडून सगळ्या मोटारी एकदम उठतात. डीपी जळाली की आठ-दहा दिवस पाणी बंद आणि घरटी वर्गणी. ट्रॅक्टरचं भाडं, चढवणाऱ्यांचं जेवण, वर 'चहापाणी'.

"मग पीक वाळू द्यायचं का?" असं मलाच विचारतात. एका रात्रीचं पाणी चुकल्यानं ऊस मरत नाही, दहा दिवसांनी मात्र माना टाकतो. फोन करा, तक्रारीचा नंबर घ्या, सकाळी लेखी अर्ज देऊन पोच घ्या. ग्रामीण भागात जळालेला ट्रान्सफॉर्मर ४८ तासांत बदलायचा, नाहीतर ग्राहकाला भरपाई द्यायची, असा वीज नियामक आयोगाचा नियम आहे. पण तक्रारच नाही तर तास मोजायचे कुठून? फ्यूज आम्ही बांधणार, वर्गणी आम्ही काढणार, म्हणजे कंपनीच्या वहीत आमची डीपी कधी बंदच पडत नाही. मग जादा वायरमन ते कशाला देतील? आणि पोरगा चिकटला, तर कागदावर 'परवानगी नसताना चढला' एवढंच येतं. भरपाईसाठी त्याच्या आईनं मग हेलपाटे घालायचे.

मागल्या महिन्यात वर्गणीवाले दारात आले. म्हटलं, तक्रारीचा नंबर दाखवा, लगेच पैसे देतो. एकमेकांकडं बघायला लागले. नंबर एकाकडंही नव्हता. ट्रॅक्टर मात्र ठरवून आले होते.