टोकदार अंडं आणि कोंबडा

पिल्लू नर की मादी, हे अंड्याच्या आकारावर ठरत नाही. टोकदार अंड्यातून कोंबडा निघतो, हे ज्ञान या आठवड्यात सुरतेत पुन्हा मोबाइलवरून फिरलं. तिथे घोटाळा नावाचा अंड्याचा पदार्थ विकणाऱ्या लारीवर फुटणाऱ्या बहुतेक अंड्यांत तर गर्भच नसतो. खायची अंडी घेणाऱ्या लेअर फार्मवर कोंबडा ठेवतच नाहीत.

पक्ष्यांत नराकडे दोन झेड गुणसूत्रं असतात, मादीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. म्हणजे पिल्लाचं लिंग आईकडून ठरतं. माणसात ते बापाकडून ठरतं. तरीही मुलगी झाली की सुनेला बोल लावणारी घरं स्वतःला कोंबड्यांच्या कुळातली समजत असावीत.

सस्तन मादीच्या पेशीत दोन एक्स गुणसूत्रांपैकी एक बहुतांशी बंद होतं. पक्ष्यांत अशी सरसकट टाळेबंदी नाही. त्यामुळे गर्भाच्या हृदयात, मेंदूत, यकृतात झेडवरची बरीच जनुकं नरात जास्त चालतात. पुरती दुप्पट मात्र नाहीत. जननग्रंथीत हा फरक इतर गुणसूत्रांवरच्या जनुकांतही पसरतो. उबवणीच्या साधारण सहाव्या दिवसापासून तिथल्या वाटा वेगळ्या होतात. मादीत पुढे डावं अंडाशयच वाढतं, उजवं खुरटतं. 2009 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी नर गर्भात झेडवरचं डीएमआरटी 1 हे जनुक दाबलं, तेव्हा वृषण अंडाशयाच्या वळणावर गेलं.

मग बाकीचं शरीर ग्रंथीच्या हार्मोनांवरच चालतं का? 2010 मध्ये एडिंबराजवळच्या रोझलिन संस्थेने अर्धनर-अर्धमादी कोंबड्या तपासल्या. एका बाजूला चोचीखाली मोठा गलोल, मोठी छाती, पायाला आरी. दुसरी बाजू मादीची. नराच्या बाजूला झेड-झेड पेशी जास्त, मादीच्या बाजूला झेड-डब्ल्यू. रक्त एकच, हार्मोनं तीच, तरी दोन्ही बाजू आपापल्या वळणाने वाढलेल्या. सुरत-भुसावळ मार्गावरच्या नवापूर स्टेशनासारखंच हे: गाडी एकच, घोषणा तीच, पण फलाटाचा एक भाग महाराष्ट्रात आणि दुसरा गुजरातेत, दारूबंदीसकट. पेशी आपलं लिंग बऱ्याच अंशी स्वतःच जाणते, असा निष्कर्ष निघाला.

अंडी देणाऱ्या जातींत नर पिल्लं हॅचरीला नकोशी असतात. जर्मनीत 2022 पासून ती मारायला बंदी आहे, म्हणून लिंग अंड्यातच ओळखतात. तिथल्या एका पद्धतीत नवव्या दिवशी कवचाला लेसरने बारीक छिद्र पाडून आतल्या द्रवाचा थेंब काढतात आणि मादी गर्भाचं हार्मोन तपासतात. त्या चाचणीत अंड्याचं टोक कुणी पाहत नाही.