डायरेक्ट करून देतो!

मंडळी, बारामती-इंदापूर भागात पाऊस सुरू झाला की जुनी जीप असलेल्या माणसाला दोन वाक्यं हमखास ऐकावी लागतात. एक वायरमनचं, "सर, डायरेक्ट करून देतो." दुसरं घरच्यांचं, "आप्पा, जीप म्हातारी झाली, आता काढून टाका." या दोन्ही वाक्यांवर माझा राग आहे आणि तो आज इथे काढणार आहे. जीपमध्ये रस नसलेल्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल. घरच्यांनी मात्र वाचावंच, कारण लिहितोय त्यांच्यासाठी.

आमची जीप महिंद्राची एम.एम. ५४०. प्यूजो डिझेल इंजिन, वर कापडी हूड. एके काळी कारखान्याच्या शेतकी खात्यापासून वडापपर्यंत सगळीकडे अशा जीपा दिसायच्या. आता आमची बाहेर काढली की पोरं मोबाईलवर फोटो काढतात. पण पाऊस लागला की हिचा हॉर्न बसतो, ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो आणि सेल्फ नुसता 'टक्' करून गप्प बसतो. लगेच निदान तयार : वय झालं!

अहो, वयाचा काय संबंध? या जुन्या डिझेल इंजिनाला एकदा सुरू झाल्यावर चालायला वीज लागतच नाही. हवा दाबली जाऊन तापते, त्यात डिझेलचा फवारा जातो आणि ते पेटतं. पंप यांत्रिक, बंद करायची तीही हाताने ओढायची तार. वीज लागते ती हीटर प्लगला, सेल्फला, दिव्यांना, हॉर्नला आणि वायपरला. म्हणजे जी गोष्ट पावसात बिघडते ती जीप नव्हे, जीपमधली काही मीटर तांब्याची तार.

आणि तारेचं दुखणं आपल्या आज्यांना ठाऊक होतं. कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं की कळकतं. तारेचंही तसंच. जोडाच्या तोंडातून शिरलेलं पाणी, वातीत तेल चढावं तसं, आवरणाखालून धाग्याधाग्याने आत चढतं. बाहेरून वायर ठणठणीत दिसते. सोलून बघा, आत काळी नाहीतर हिरवी. (बोटींच्या वायरिंगला म्हणूनच कथिलाचा मुलामा दिलेली तार वापरतात. म्हणजे कल्हईच की!) त्यात आपल्याकडे कालव्याच्या पट्ट्यातली काही रानं चोपण झालेली, बऱ्याच विहिरी-बोअरचं पाणी मचूळ. वॉशिंगवाला तेच पाणी जोराने इंजिनवर मारतो. पाणी वाळतं, मीठ जोडात राहतं, आणि पुढच्या पावसात पुन्हा भिजतं.

आता सेल्फच्या 'टक्' कडे वळू. मी मराठीचा बी.ए., पण इयत्ता सातवीला गणितही शिकवलंय. सेल्फ फिरताना २०० अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढतो. बॅटरीपासून इंजिनापर्यंत जी अर्थची पट्टी असते, तिच्या बोल्टखाली गंज धरून समजा ०.०१ ओहम इतका क्षुल्लक विरोध तयार झाला. २०० गुणिले ०.०१ म्हणजे २ व्होल्ट तिथेच गेले. बारातले दोन! सेल्फ कसा फिरेल? हेडलाइटच्या ६० वॉटच्या बल्बला मात्र ५ अँपिअरच लागतात, त्यामुळे तिथे नुकसान ०.०५ व्होल्टचं, डोळ्याला कळतही नाही. म्हणून दिवा लख्ख आणि सेल्फ मुका. लोक काय करतात? नवी बॅटरी आणतात. ती बसवताना क्लिप जरा घासली जाते, दोन महिने बरं चालतं, मग नव्या बॅटरीला शिव्या.

इंडिकेटर मिणमिणण्यामागेही हीच भानगड. जीपची बॉडी चॅसीवर रबराच्या गाद्यांवर बसते. मागच्या दिव्यांचा अर्थ बॉडीतून परत जातो. ती वाट गंजली की ब्रेकचा प्रवाह शेजारच्या बल्बमधून चोरवाट शोधतो. बॉडी ते चॅसी एक जाड पट्टी, दोन्ही टोकांचा रंग खरवडून, घट्ट आवळून लावली की भुताटकी बंद.

पण एवढं कोण करणार? 'डायरेक्ट' सोपं! म्हणजे बिघाड शोधायचाच नाही. बॅटरीपासून दिव्यापर्यंत नवी वायर ओढायची, मध्ये फ्यूज नाही, पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट नाही. असलेला फ्यूज उडत असेल तर त्याला सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळायची. बारा व्होल्टचा झटका बसत नाही, म्हणून सगळे निर्धास्त. झटका बसत नाही हे खरं, पण तीच बॅटरी शॉर्टमध्ये शेकडो अँपिअर देते आणि वायर लाल होते.

मे २०२५ च्या अखेरीचा पाऊस आठवा. पिंपळीजवळ निरा डावा कालवा फुटला होता आणि बारामती, इंदापूर दोन्हीकडे एनडीआरएफची पथकं आली होती. त्याच आठवड्यात थोरल्या दादांना रात्री धाप लागली. पुतण्या त्यांना बेलवाडीकडून जीपमध्ये घालून बारामतीला निघाला. सणसर सोडल्यावर डॅशबोर्डखालून धूर आला आणि दोन्ही दिवे गेले. आदल्या पावसाळ्यात त्याने एका वायरमनकडून करून घेतलेली 'डायरेक्ट' वायर पत्र्याच्या कडेवर घासून सोलली होती. पोरगं धीराचं, हाताला फडकं गुंडाळून वायर उपटली. इंजिन चालूच राहिलं, ते कशाला बंद पडतंय! एका दुधाच्या टेम्पोच्या मागच्या दिव्यांवर नजर ठेवून तो दवाखान्यात पोचला. दादा आता बरे आहेत. पण घरात निर्णय काय झाला? "जीप विका."

वायरमनचाही फार दोष काढवत नाही. आपण त्याला दहा मिनिटं देतो, शंभराची नोट दाखवतो आणि "लवकर कर रे, लग्नाला जायचंय" म्हणतो. त्या पैशात निदान मिळत नाही, तार मिळते. साध्या टेस्ट लॅम्पने, एकेक जोड उघडत बिघाड शोधायला अर्धा दिवस लागतो आणि त्या अर्ध्या दिवसाची मजुरी द्यायला आपल्याला जड जातं. डॉक्टरला तपासणीचे पैसे देतो ना?

टेपबद्दलही बोललं पाहिजे. काळी टेप पाणी अडवत नाही, कोंडते. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन जोडात भरतात, त्यातून सुटणारं आम्ल तांब्याला खातं. त्यापेक्षा जोड घासून, व्हॅसलिन लावून, तोंड खाली करून ठेवा. वायर जोडाच्या आधी जरा खाली लोंबती सोडा, म्हणजे थेंब तिथून गळून जाईल, आत शिरणार नाही. बॅटरीच्या क्लिपवरची पांढरी पूड खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा. आणि जिथे तार आतून काळीच पडली असेल तिथे जोडकाम करू नका, सरळ नवी टाका, फ्यूजसकट. सगळंच सडलं असेल तर पूर्ण वायरिंग बदला. जीप विकण्यापेक्षा ते स्वस्त पडतं, हे मी हिशेबाची वही पुढे ठेवून पुतण्याला दाखवलंय. तो अजून "बघू" म्हणतोय.

सध्या अर्थच्या तिन्ही पट्ट्या बदलून झाल्यात, दिव्यांना वेगवेगळे फ्यूज आलेत. वायपरचं राहिलंय. त्याच्या मोटरमध्येच पाणी गेलेलं दिसतंय, रविवारी उतरवून बघणार आहे. एम.एम. ५४० च्या वायपरची मोटर कुणी खोलली असेल तर खाली लिहा, काळजी कशाची घ्यायची ते.