घरपोच सुखाचा मानकरी कोण?

दारावरची घंटा वाजते, मागविलेले पुस्तक, औषध किंवा सणासाठीची साडी हाती पडते आणि घरातील चेहरे उजळतात. हा आनंद आजचा नाही. इंग्रजी अमदानीत, १८७७ मध्ये, टपाल खात्याने व्हीपीपी सुरू केली आणि पोस्टमनच्या हाती पैसे देऊन पार्सल सोडवून घेण्याची सोय झाली. ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ म्हणून आज मिरवते ती हीच कल्पना.

सहा अंकी पिनकोड हा तर या व्यवहाराचा कणा. टपाल खात्यातील अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून तो १५ ऑगस्ट १९७२ रोजी साकारला. मोबाईलवर खरेदी करणाऱ्या ग्राहकालाही पत्ता देताना तेच सहा आकडे भरावे लागतात.

बदलली आहे ती पार्सल आणणाऱ्याची स्थिती. खात्याच्या पोस्टमनला पगार, रजा आणि निवृत्तिवेतनाचा आधार होता. आजच्या ‘डिलिव्हरी बॉय’ला बहुधा फेरीमागे मोबदला मिळतो. दुचाकी त्याची, पेट्रोल त्याचे आणि अपघाताची जोखीमही त्याचीच. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने अशा कामगारांची दखल घेतली आहे. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम त्यांच्या कल्याणासाठी द्यावी, अशी तरतूद तीत आहे. मात्र कामगारांना दिलेल्या मोबदल्याच्या ५ टक्के ही त्यावरील कमाल मर्यादा आहे.

ग्राहकाला वस्तू वेळेवर मिळते. ती आणणाऱ्याचा हक्कही त्याच्या दारी तितक्याच तत्परतेने पोहोचला, तरच हे सुख निर्भेळ म्हणता येईल.