लख्ख उजेड नको, खरा उजेड हवा

माण-हिंजवडीपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात डेंटिंग-पेंटिंग, वायरिंग आणि शिलाईची कामे करणारे आपले कारागीर बांधव पुष्कळ आहेत. मगरिबनंतरही काम सुटत नाही. मग हातात येते ती स्वस्तातली एलईडी बॅटरी. उजेड लख्ख पडतो, पण त्यात मरून आणि चॉकलेटी सारखेच दिसतात. रात्री जुळवलेली टचिंगची शेड सकाळी उन्हात वेगळी निघते, गिऱ्हाईक गाडी परत आणते आणि पुन्हा घासून रंगवण्याचा खर्च कारागिराच्या माथी बसतो. वायरमनला तर लाल आणि तपकिरी तार ओळखण्यात झालेली चूक जिवावर बेतू शकते.

पांढरी एलईडी मुळात निळी असते. निळ्या चिपवर पिवळ्या फॉस्फरचा थर दिला की उजेड पांढरा भासतो, मात्र त्यात लाल भाग कमी पडतो. उजेडात रंग किती खरे दिसतात ते सीआरआय या आकड्यावरून कळते. जुन्या तारेच्या बल्बचा सीआरआय जवळजवळ १००, स्वस्त बॅटरीतल्या एलईडीचा बहुधा ७०च्या आसपास. आमचे मत असे की रंगाशी ज्याचा धंदा बांधला आहे त्याने ९०च्या खालची एलईडी घेऊच नये. हा आकडाही आठ फिक्या रंगांची सरासरी असतो. गडद लालाचा आकडा, म्हणजे आर-९, दुकानदाराला वेगळा विचारावा. ज्या जपानी निचिया कंपनीत नाकामुरा यांनी १९९३ साली तेजस्वी निळी एलईडी साधली, तिच्याच २१९ मालिकेत असा माल मिळतो.

अशी बॅटरी घरी जुळवता येते. जुन्या ॲल्युमिनियम बॅटरीची नळी, काच आणि बटण ठेवावे. तांब्याच्या पट्टीवर बसवलेली, ४००० ते ५००० केल्विनची एलईडी घ्यावी आणि खाली थर्मल पेस्ट लावावी, कारण उष्णता नळीत उतरली नाही तर एलईडी लवकर मरते. ७१३५ चिपचा ड्रायव्हर स्वस्त पडतो. एक चिप ३५० मिलिअँपिअर देते, म्हणून हातातल्या कामाला तीन चिप पुरेत. सेल कमी झाल्यावर आपोआप बंद होणारा ड्रायव्हरच घ्यावा. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला सुटे भाग शोधता येतात.

सेलमध्ये मात्र काटकसर नको. १८६५० मापाच्या सेलवर ९००० एमएएच छापलेले दिसले की तो माल खोटा समजावा. या मापात चांगल्या कंपनीचा सेलही ३५००च्या आसपासच थांबतो. भंगारातल्या लॅपटॉपचे सेल काढून वापरणारे आम्ही पाहतो. एखादा पेटला तर बॅटरीसोबत हातही जाईल. चार्जर ४.२ व्होल्टला थांबणारा हवा.

लुमेन थोडे कमी मिळतील, हे खरे. पण बोनेटखाली हातभर अंतरावर पाहायला मैलभर झोत कशाला? ज्यांना झाळकाम येते त्यांनी दोन-चार नग करून शेजारच्या गॅरेजवाल्याला आणि कापडवाल्याला वापरायला द्यावेत. विकताना मरून व चॉकलेटी चिंधी शेजारी ठेवून, आधी बाजारची आणि मग आपली बॅटरी मारून दाखवावी. मेटॅलिक रंगाची शेवटची शेड मात्र दिवसाउजेडीच पक्की करावी, हेही गिऱ्हाइकाला सांगून ठेवावे.