औषधाची पावती

जनवाड्याच्या घरात औषधाची बाटली बिदरहून येवो वा गावातल्या दुकानातून, तिच्यात नेमके काय आहे हे घेणाऱ्यास पाहून कळत नाही. म्हणूनच १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि राज्याचे औषध निरीक्षक यांचे प्रयोजन.

हा पहारा सैल पडल्यास काय होते, ते मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ च्या आरंभी दिसले. औषधी ग्लिसरीन म्हणून दिलेल्या द्रवात मूत्रपिंडे निकामी करणारे डायएथिलीन ग्लायकॉल होते. चौदा रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने औषध प्रशासनापासून मंत्र्यांपर्यंत ठपका ठेवला. तरीही २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात त्याच विषाने, खोकल्याच्या औषधातून, वीसहून अधिक बालकांचा बळी घेतला. ते औषध तमिळनाडूत बनलेले होते. सदोष माल राज्यांच्या सीमा सहज ओलांडतो. आम्हां सीमाभागातील कुटुंबांना हे निराळे सांगावयास नको.

असा माल हुडकून परत घेतला जातो तो बॅच क्रमांकावरून. म्हणून आमचे सांगणे एवढेच, की चार पैशांच्या सवलतीसाठी पावती नाकारू नये. औषध संपेपर्यंत वेष्टन व पावती दोन्ही जपावीत. शंका आल्यास, याच कायद्याच्या २६ व्या कलमान्वये, ठरलेले शुल्क भरून सामान्य ग्राहकालाही सरकारी विश्लेषकाकडून औषध तपासून घेता येते. पहारा देणे हे सरकारचेच कर्तव्य होय; परंतु त्याला जागे ठेवणारा पुरावा आपल्याच फडताळात असतो.