गादीची पारख

व्यापारी घरात ‘गादी’ या शब्दाला दोन अर्थ असतात. एक गादी पेढीवरची. तिच्यावर पांढरी चादर, मागे लोड, पुढे वह्या. दिवाळीला तिची पूजा होते आणि मुलगा कर्ता झाला की तो ‘गादीवर बसला’ असे म्हणतात. दुसरी गादी झोपण्याची. पहिलीचा मान मोठा असल्यामुळे दुसरीचा विचार सहसा कोणी करीत नाही. लग्नात आलेली गादी वीस-पंचवीस वर्षे चालते, मध्ये एक-दोनदा पिंजून घेतली जाते आणि पाठ धरली म्हणजे दोष वयाला दिला जातो.

भोकरदन तालुक्यातील केदारखेडा हे कापसाच्या मुलखातले गाव. जालना जिल्ह्यात कापूस शेतात पिकतो, बाजारात विकला जातो आणि सरकी काढून घरातल्या गादीतही भरला जातो. इथल्या माणसाला कापसाच्या गादीची परीक्षा कोणी शिकवावी लागत नाही. रुई मूठभर हातात घेतली की धाग्याची लांबी, ओल आणि कचरा त्याला कळतो. अलीकडे मात्र दारोदार फिरणारा पिंजारी दुर्मिळ झाला, आणि गादी घेण्यासाठी माणसे जालना किंवा छत्रपती संभाजीनगरच्या दुकानांत जाऊ लागली. तिथे विक्रेता ‘लेटेक्स’ हा शब्द उच्चारतो आणि कापसाचा पिढीजात पारखी एकदम अनभिज्ञ ग्राहक होऊन उभा राहतो.

केदारखेड्यासारख्या गावातले एखादे व्यापारी घर डोळ्यांसमोर आणावे. सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई, गुडघे दुखतात, पहाटे सामायिकासाठी उठताना पलंगाचा कठडा धरावा लागतो. कर्ता मुलगा पन्नाशीचा, दिवसभर दुकानात मांडी घालून बसणारा, अंगाने भारदस्त. सून कुशीवर झोपणारी, सकाळी खांदा आखडलेला. घरात ठरते की आता सर्वांसाठी चांगल्या गाद्या घ्याव्यात. मग मुलगा एकटाच शहरात जातो, तळहाताने चार गाद्या दाबून पाहतो आणि एकाच जातीच्या, एकाच जाडीच्या तीन गाद्या टेम्पोत घालून आणतो. चांगल्या लेटेक्स गादीची किंमत साध्या फोमच्या काही पटींनी असते. तेवढा पैसा खर्चून तिघांपैकी दोघांची पाठ दुखतच राहिली, तर चूक वस्तूची नसते, निवडीची असते.

लेटेक्स म्हणजे रबराच्या झाडाचा चीक. रुईचे पान तोडल्यावर पांढरा चीक ओघळतो, तसाच हा. झाड मूळचे ब्राझीलच्या ॲमेझॉन खोऱ्यातले. 1876 मध्ये हेन्री विकहॅम या इंग्रजाने त्याच्या बिया लंडनच्या क्यू उद्यानात नेल्या आणि तिथून रबर आशियात आले. भारतात सर्वाधिक रबर केरळात होते. महाराष्ट्रातही सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात रबराच्या बागा आहेत. झाड साधारण सात वर्षांचे झाले की पहाटे त्याच्या सालीवर तिरकी खाच घेतात आणि खाली बांधलेल्या वाटीत चीक ठिबकत राहतो. झाड तोडावे लागत नाही. तेच झाड वर्षानुवर्षे चीक देते.

या चिकाला फेसाळून, साच्यात ओतून, गंधकाच्या साहाय्याने उष्णता देऊन घट्ट केले की गादी तयार होते. साच्यात धातूच्या कांड्या उभ्या असतात, म्हणून गादीत ती ओळीने छिद्रे दिसतात. उष्णता त्यांच्यातून आतपर्यंत पोहोचते आणि पुढे हवाही त्यांतूनच खेळते. ही जुनी पद्धत डनलॉप नावाने ओळखली जाते, ती 1929 मधली. तिच्यात जड कण थोडे खाली बसतात, त्यामुळे गादी भक्कम आणि खालच्या अंगाला किंचित कठीण होते. टालाले ही दुसरी पद्धत. तिच्यात साचा अर्धवट भरून हवा काढून घेतात, फेस फुगला की तो गोठवतात आणि मग तापवतात. ती गादी सर्वत्र सारखी, अधिक मऊ आणि महाग होते. टालाले श्रेष्ठ आणि डनलॉप कनिष्ठ असे विक्रेते सुचवतात, ते खरे मानू नये. भारदस्त माणसाला डनलॉपच पुष्कळदा अधिक मानवते.

पारख खरी सुरू होते ती इथून. ‘लेटेक्स गादी’ या नावाखाली तीन वेगवेगळे माल विकले जातात. एक, संपूर्ण नैसर्गिक लेटेक्स. दोन, नैसर्गिक चिकात पेट्रोलियमपासून बनवलेले कृत्रिम लेटेक्स मिसळलेला माल. तीन, वर इंच-दीड इंच लेटेक्स आणि खाली साधा फोम किंवा फोमचे तुकडे दाबून केलेला थर. तिन्हींना ग्राहक असू शकतात आणि तिसरा प्रकार स्वस्तात घेतला तर त्यात गैर काहीच नाही. गैर आहे ते तिसऱ्याला पहिल्याचा भाव देणे. म्हणून खोळीची चेन उघडून दाखवा असे स्पष्ट म्हणावे. सलग लेटेक्स असेल तर वरपासून खालपर्यंत एकच रंग आणि एकसारखी छिद्रे दिसतात. चेनच नसलेली, चारही बाजूंनी शिवून टाकलेली गादी ‘शंभर टक्के लेटेक्स’ म्हणून कोणी देत असेल, तर पुढच्या दुकानाकडे वळावे.

दुसरी कसोटी व्यापाऱ्याच्या हातातलीच आहे, ती म्हणजे वजनकाटा. 72 इंच लांब, 36 इंच रुंद आणि 6 इंच जाड गादीचे आकारमान सुमारे पाव घनमीटर भरते. चांगल्या लेटेक्सची घनता घनमीटरला 80 किलोच्या आसपास असते. म्हणजे एका माणसाची अशी गादी 20 किलोच्या जवळपास भरली पाहिजे. साधा फोम त्याच आकारात 7 ते 10 किलोच भरतो. दोघांची, 78 गुणिले 60 इंचांची, 6 इंच जाड लेटेक्स गादी 35 किलोच्या पुढे जाते, आणि ती माडीवर चढवायला दोन माणसे लागतात. मात्र एक सावधगिरी ठेवावी. तुकडे दाबून केलेला फोमही चांगलाच जड असतो. तेव्हा काटा आणि चेन या दोन्ही कसोट्या एकत्रच लावाव्यात. एकटा काटा फसवू शकतो. बिलावर ‘लेटेक्स गादी’ एवढेच न लिहिता नैसर्गिक लेटेक्सचे प्रमाण, प्रत्येक थराची जाडी आणि घनता लिहून घ्यावी. सेंद्रिय लेटेक्सचा दावा असेल तर ‘गोल्स’ या मानकाचे प्रमाणपत्र मागता येते. त्यासाठी कच्चा माल किमान 95 टक्के सेंद्रिय असावा लागतो.

आता कठीणपणाचा प्रश्न. आपल्याकडे पाठ दुखली की सपाट फळीवर झोपण्याचा सल्ला घरातला प्रत्येक वडीलधारा देतो, आणि कित्येक वर्षे वैद्यही देत आले. 2003 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधील एका प्रयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला. दीर्घकाळ कंबरदुखी असलेल्या 313 जणांपैकी काहींना कठीण, तर काहींना मध्यम कठीण गादी देण्यात आली. आपल्याला कोणती मिळाली हे त्यांना सांगितले नव्हते. 90 दिवसांनी मध्यम कठीण गादीवर झोपणाऱ्यांचे अंथरुणातले आणि उठतानाचे दुखणे तुलनेने अधिक कमी झाले होते. दुखण्याचे कारण मणक्याचा विकार किंवा मार असेल तर अर्थातच वैद्याचा शब्द अंतिम. परंतु ‘जितकी कठीण तितकी चांगली’ ही समजूत घेऊन दुकानात जाऊ नये.

कुशीवर झोपणाऱ्याचा खांदा आणि कंबर गादीत थोडी रुतली पाहिजे, नाहीतर सगळा भार त्या दोन हाडांवर येतो आणि कणा वाकतो. वरच्या घरातल्या सुनेला म्हणून किंचित मऊ गादी हवी. पाठीवर झोपणाऱ्याला मध्यम. पालथे झोपणाऱ्याचे पोट खाली झुलू नये म्हणून थोडी कठीण. वजनदार माणूस मऊ गादीत खोल जातो. त्याने अधिक घनतेची आणि जाड गादी घ्यावी. पती-पत्नीच्या देहयष्टीत फार अंतर असेल तर दोन स्वतंत्र गाद्या शेजारी ठेवून वर एकच पलंगपोस घालणे शहाणपणाचे. आपल्याकडे यात उगीच संकोच मानला जातो.

सासूबाईंच्या गादीत मऊपणाइतकीच उंची महत्त्वाची. पलंगाच्या काठावर बसल्यावर दोन्ही पावले जमिनीवर पूर्ण टेकली पाहिजेत आणि गुडघे साधारण काटकोनात राहिले पाहिजेत. बहुतेक स्त्रियांना जमिनीपासून गादीच्या वरच्या पृष्ठापर्यंत 18 ते 20 इंच पुरतात. हल्ली खाली सामान ठेवण्याचे पेटीपलंग 14-16 इंच उंच येतात. त्यावर 8 इंचांची गादी टाकली की म्हाताऱ्या माणसाचे पाय लोंबकळतात. जाड गादी म्हणजे मोठी गादी, म्हणजे आईचा मान राखला, असा हिशेब करून घेतलेली गादीच तिला पहाटे उतरताना पाडते. तिच्यासाठी 5-6 इंच पुष्कळ झाले. पण कडा दबणारी नको, कारण उठताना सगळा भार कडेवरच येतो.

यासाठी ज्याची गादी त्यानेच दुकानात गेले पाहिजे. कापडाचा पोत बोटांना कळतो, गादीचा पाठीला. आपल्या नेहमीच्या उशीसह, नेहमीच्या कुशीवर किमान पंधरा मिनिटे पडून राहावे. चारचौघांत आडवे होण्याची लाज वाटते, विशेषतः घरातल्या स्त्रियांना. म्हणून दुपारच्या निवांत वेळी जावे, गर्दीच्या रविवारी नव्हे. हातमोज्यांनी किंवा फुग्यांनी अंगावर पित्त उठणाऱ्याने मात्र वैद्याला विचारल्याखेरीज लेटेक्स घेऊ नये.

जैन घरात आणखी एक चौकशी होणे स्वाभाविक आहे. चीक वनस्पतीचा, झाड जिवंत राहते, म्हणजे वस्तू निर्दोष, असा निष्कर्ष घाईचा ठरेल. चिकाला फेस आणण्यासाठी साबणासारखा पदार्थ लागतो. त्यासाठी बहुधा पोटॅशियम ओलिएट वापरतात. त्यातले ओलिक आम्ल वनस्पतीच्या तेलापासून मिळते, तसेच प्राण्यांच्या चरबीपासूनही मिळते. तयार गादी पाहून हे कळणे अशक्य. उत्पादकालाच लेखी विचारावे. वनस्पतिजन्य आहे असे लेखी उत्तर मिळाले तर गादी निःशंक घ्यावी. परदेशी गाद्यांच्या खोळीत लोकरीचा थर असतो, काहींत रेशीमही. तेही पाहून घ्यावे. ग्राहक विचारू लागले की दुकानदार उत्पादकाला विचारतो, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगायला नको.

गादी घरी आल्यावर होणारी चूक ही सर्वांत महाग असते, आणि ती प्रेमाने होते. कापसाच्या गादीला ऊन दाखवणे हा मराठवाड्यातल्या प्रत्येक घराचा रिवाज. माळवदावर किंवा गच्चीवर गाद्या पसरायच्या, काठीने झोडायच्या. ओल जाते, कापूस फुलतो, गादी पुन्हा नवी होते. लेटेक्सचे नेमके उलट आहे. प्रखर ऊन त्याचा शत्रू. सूर्यप्रकाशाने आणि उष्णतेने रबर पिवळे पडते, कडक होते आणि पुढे भुगा होऊन झडू लागते. जालन्याकडचा मे महिना तर विचारायलाच नको. ही गादी पत्र्याच्या खोलीत किंवा पश्चिमेच्या खिडकीतून दुपारचे ऊन पडेल अशा जागीही ठेवू नये. ती झोडायची नाही, धुवायची नाही. खोळ काढून फक्त खोळ धुवायची आणि ती पूर्ण वाळल्यावरच पुन्हा चढवायची.

तिला हवे असते ते ऊन नव्हे, वारे. म्हणून खाली फटी असलेल्या लाकडी पट्ट्यांचा पलंग उत्तम. पेटीपलंग असेल तर त्याच्या फळीला भोके पाडून घ्यावीत आणि आठ-पंधरा दिवसांनी सकाळी गादी भिंतीशी तासभर कलती करून ठेवावी. पावसाळ्यात हे न चुकता करावे, नाहीतर खालच्या अंगाला बुरशी धरते. नवारीच्या पलंगावर लेटेक्स टाकू नये. नवार झोळ खाते, गादी तिच्याबरोबर वाकते, आणि चुकीच्या पलंगावर वापरली म्हणून हमीही अनेकदा नाकारली जाते. हमीपत्रात किती इंच खोल खळगा पडल्यावर गादी बदलून मिळेल, तो आकडा घेतानाच वाचून ठेवावा. पहिले काही दिवस येणारा रबराचा मंद वास खिडक्या उघड्या ठेवल्या की जातो.

राहता राहिली जुनी कापसाची गादी. ती भंगारात देण्याची घाई करू नये. पिंजारी मिळाला की तिची रुई पिंजून पेढीवरची बैठक नव्याने भरून घेता येते, आणि उरलेल्या कापसात पाहुण्यांसाठी दोन पातळ गाद्या सहज होतात. पौषधाच्या रात्री तर घरातल्या कोणालाच यांपैकी एकही गादी लागत नाही.