पदर आणि पट्टा

मैत्रिणींनो, आज पाककृती नाही आणि स्वेटरचा नमुनाही नाही. आज थोडं वेगळं बोलायचं आहे. पण विषय घरातलाच आहे, हे शेवटपर्यंत वाचलंत तर तुम्हालाही पटेल.

परवा आमच्या बाई सकाळी भांड्यांना आल्या त्या गळ्याला रुमाल गुंडाळून. थंडीचे दिवस, म्हटलं घसा धरला असेल. चहाचा कप देताना रुमाल जरा सरकला आणि मानेवरचा लालकाळा वळ दिसला. आधी भलतीच शंका मनात आली. खोदून विचारलं तेव्हा म्हणाल्या, "तसं काही नाही वो ताई. पदर गेला पट्ट्यात. शेजारचीनं आरडून बटन बंद करवलं म्हून वाचली. लुगडं फाटलं, बस."

कापसाच्या हंगामात या बाई आमची दोन घरं उरकून जिनिंगवर रोजीने जातात. वर्धा, हिंगणघाट, पुलगाव, आर्वी, सेलू, आपल्या जिल्ह्यात कुठेही जा, दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या आणि जिनिंगचा आवाज सुरू होतोच. कापूस आत जातो, सरकी वेगळी पडते, रुई वेगळी होते आणि पुढे तिच्या गाठी बांधल्या जातात. कापूस उचलणं, पसरणं, यंत्रापुढे टाकणं, कचरा वेचणं ही कामं बहुतेक बायकांचीच.

"मुकादमाला सांगितलंत का?"

"त्यानं पाह्यलंच ना. म्हने, पदर सांभाळता येत नाही त कामाले कायले येता?"

आता खरं सांगते, लपवत नाही. मुकादमाचा राग येण्याआधी माझ्याही तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं, "अहो बाई, पदर नीट खोचायचा नाही का!" बाई काही बोलल्या नाहीत. कप विसळला आणि कामाला लागल्या. ते त्यांचं न बोलणं मला दिवसभर टोचत राहिलं.

शाळेतून परत येताना विचार केला, आपण घरात काय करतो? सासूबाईंच्या वेळी स्टोव्ह भडकला की सुनेचंच चुकलं असं म्हणायची पद्धत होती. आज कुकरचं काय आहे? वाफ कोंडली तर सेफ्टी व्हॉल्व्ह आपोआप उडतो. आतल्या झाकणाचा कुकर तर आत दाब असेपर्यंत उघडतच नाही. कितीतरी मिक्सरचं भांडं नीट बसल्याशिवाय पातं फिरत नाही. बनवणाऱ्याने आधीच धरून चाललेलं असतं की बाई दमलेली असेल, मूल रडत असेल, लक्ष दुसरीकडे जाईल, आणि तरीही तिला इजा होता कामा नये. मग फिरत्या पट्ट्यावर लोखंडी जाळी का नको? आठ तास उभं राहून काम करणाऱ्या बाईचा पदर एकदा तरी सुटणारच. पदर सुटणं ही चूक म्हणता येईल, पण पट्टा उघडा ठेवणं हा गुन्हा आहे.

आणि हे माझं मत नाही, कायदाच असं सांगत आला आहे. ह्यांच्या एका वकील स्नेह्यांना मी मुद्दाम विचारलं. १९४८ च्या कारखाना कायद्यात यंत्राचे धोक्याचे फिरते भाग कुंपण घालून बंद ठेवावेत, ही जबाबदारी मालकावर टाकलेली होती. चालू यंत्राला तेल घालणं, ते पुसणं ही कामं बाईला सांगायची नाहीत, असंही त्यात होतं. कापूस दाबण्याच्या कारखान्यात कापूस मोकळा करणारं यंत्र चालू असेल त्या भागात बाईला कामाला लावायचं नाही, असं तर खास कलमच होतं. पुढे भोपाळच्या १९८४ च्या वायुकांडानंतर, १९८७ मध्ये या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली आणि आपल्या कामात कोणता धोका आहे हे जाणून घेण्याचा हक्क कामगाराला मिळाला.

आता तो जुना कायदा जाऊन नवी संहिता आली आहे. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या परिस्थितीची ही संहिता २०२० मध्ये संसदेत मंजूर झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात बाईला सर्व प्रकारच्या कामांची दारं उघडली आहेत. तिची संमती असेल आणि सुरक्षेची सोय असेल तर रात्रपाळीसुद्धा. नेमणुकीचं पत्र आणि ठरलेल्या वयाच्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत वैद्यकीय तपासणी, याही गोष्टी तिच्यात आहेत. चांगलंच आहे. पण एक बाजू ध्यानात ठेवा. विजेवर चालणारी जागा 'कारखाना' ठरायला पूर्वी १० कामगार पुरत, आता २० लागतात. सुरक्षा समिती सक्तीची होते ती साधारणपणे ५०० कामगारांच्या कारखान्यात. म्हणजे लहान जागेत, जिथे आपल्या ओळखीच्या बाया राबतात, तिथे मालकाच्या आणि मुकादमाच्या शहाणपणावरच बरंचसं सोपवलेलं आहे. दारं उघडली हे खरं, पण आत जाळी बसली का, हे कुणीतरी बघायला हवं.

धोका पट्ट्याचाच असतो असंही नाही. कापसाची बारीक धूळ वर्षानुवर्षं छातीत जाते. सुटीनंतर कामावर गेलं की पहिल्याच दिवशी छाती आवळल्यासारखी होते, दम लागतो. कापसात काम करणाऱ्यांच्या या विकाराला डॉक्टर बिसिनोसिस म्हणतात. आपण मात्र "थंडी बाधली" म्हणून आल्याचा काढा देतो. नाकाला पदर बांधून ती धूळ अडत नाही. त्यासाठी धूळ ओढून घेणारा पंखा हवा आणि नीट बसणारा मास्क हवा.

आपल्या जिल्ह्याला तर हा धडा फार महाग पडला आहे. ३१ मे २०१६ च्या मध्यरात्रीनंतर पुलगावच्या दारूगोळा भांडारात आग लागली आणि ती विझवायला धावलेली माणसं स्फोटात गेली. लष्करी अधिकारी गेले आणि अग्निशमन दलाचे जवानही गेले. मग २० नोव्हेंबर २०१८ च्या सकाळी सोनेगाव आबाजीजवळ जुना दारूगोळा नष्ट करण्याच्या जागी पेट्या उतरवताना स्फोट झाला आणि सहा जण दगावले. त्यांत आसपासच्या गावांतले रोजीवर आलेले मजूर होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये भूगावच्या पोलाद कारखान्यात तीसहून अधिक कामगार भाजले. प्रत्येक वेळी आपण हळहळलो, वर्तमानपत्र वाचलं आणि घडी करून ठेवलं. सकाळी डबा घेऊन गेलेला माणूस संध्याकाळी धड परत यावा, एवढीच तर आपली मागणी असते. रोजीवरच्या माणसाला कामाचं शिक्षण सर्वांत कमी मिळतं आणि ओझं मात्र त्याच्याच डोक्यावर असतं, हे आपल्याला कधी खटकतं का?

मोठे अपघात एकदम होत नाहीत. आधी दहा वेळा पदर अडकतो, सुटतो आणि "देवानं वाचवलं" म्हणून आपण विसरतो. देवानं वाचवलं हे खरंच, पण त्यानं इशाराही दिला असतो. दूध उतू जाता जाता राहिलं तर आपण गॅस बारीक करतो ना? तसंच हे. थोडक्यात वाचलेला प्रसंग लपवणाऱ्यापेक्षा सांगणाऱ्याला शाबासकी मिळेल, तेव्हाच कामाची जागा सुधारते. कायदा कागदावर असतो. तो जमिनीवर येतो तो अशा सवयीतून.

आता आपल्या हातात काय आहे ते सांगते.

घरातलं माणूस कारखान्यात, जिनिंगवर किंवा बांधकामावर जात असेल तर एकदा निवांत विचारा. यंत्र बंद करायचं बटन कुठे आहे आणि तिथे हात पोचतो का? आग लागली तर बाहेर पडायची वाट कोणती, आणि ती मोकळी असते की तिथे गाठी रचलेल्या असतात? उत्तर आलं नाही तर उद्या बघून यायला सांगा.

नेमणुकीचं पत्र, हजेरी कार्ड, पगाराची चिठ्ठी, विम्याचं कार्ड यांच्या झेरॉक्स घरी एका पिशवीत ठेवा. काही बरंवाईट झालं तर भरपाईसाठी पहिला प्रश्न येतो तो "हा माणूस इथे कामाला होता कशावरून?" हाच.

दुखापत झाली तर दवाखान्यात "पडलो" एवढंच सांगू नका. कुठे, किती वाजता, कोणतं काम करताना हे कागदावर लिहून घ्या. कोण हजर होतं त्यांची नावं टिपून ठेवा. "तो ठेकेदाराचा माणूस" असं म्हणून मालकाला हात झटकता येत नाहीत, हे १९२३ च्या भरपाई कायद्यापासून मानलेलं आहे. तक्रार करायची तर राज्य सरकारचं औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय आहे.

धुळीचे किंवा फवारणीचे कपडे मुलांच्या कपड्यांत भिजवू नका. ते वेगळे धुवा आणि धुताना हातमोजे घाला.

आणि तुमचे यजमान स्वतःच साहेब, व्यवस्थापक किंवा मालक असतील, तर जेवताना एवढंच विचारा, "अहो, तुमच्याकडच्या पट्ट्यांना जाळी आहे ना?" आपला एक प्रश्न कधी कधी निरीक्षकाच्या भेटीपेक्षा जास्त काम करतो.

शेवटी माझी स्वतःची गोष्ट. हे सगळं मनात घोळत असताना एकदम आठवलं, दिवाळीच्या साफसफाईत याच बाईंना मी टेबलावर स्टूल ठेवून पंखा पुसायला चढवलं होतं. स्टूल डगमगत होतं आणि मी खालून म्हणत होते, "जपून हं बाई!" मुकादम तरी वेगळं काय म्हणाला? त्याच सुमारास मोरीत ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकदम टाकायला निघाले होते. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो, हे मला शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी सांगितलं म्हणून निभावलं. म्हणजे आपलं घर हीसुद्धा कुणाची तरी कामाची जागा आहे, आणि तिथल्या मालकीण आपण आहोत. आता चार पायऱ्यांची शिडी आणली आहे, आणि पंखा पुसताना ती मी धरते.

बाईंना ह्यांचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट दिला. आपल्याकडे शेतात बाया लुगड्यावरून घालतात तसा. त्यांनी तो घातला, पदर आत खोचला आणि हसून म्हणाल्या, "शर्ट चांगला हाय ताई, पण पट्टा तसाच हाय ना." बरोबरच होतं त्यांचं. मग त्या एकट्या गेल्या नाहीत. सात जणी मिळून मुकादमाकडे गेल्या आणि भांडण न करता फाटलेलं लुगडं त्याच्यापुढे ठेवलं. आठ दिवसांनी एका पट्ट्याला जाळी बसली. वेल्डरचं एका दिवसाचं काम होतं ते!

अजून दोन पट्टे उघडे आहेत. रोज सकाळी चहा देताना मी विचारते, "बाई, दुसरी बसली का?"

तुम्हीही आपापल्या घरी विचारून बघा.